चौदा किलोची सायकल

वजनमाप खात्यातल्या काटेसाहेबांचा जगातल्या एकाही आकड्यावर विश्वास नव्हता. दुकानदाराचा आकडा खोटा, गिऱ्हाइकाचा अडाणी, वर्तमानपत्रातला फुगवलेला. खरा आकडा एकच, जो साहेबांच्या तोंडून निघाला. तो त्यांच्या तोंडात मुळात आला कुठून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि त्यांनी स्वतःला तर ते जन्मात विचारलं नाही.

'काटेसाहेब' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बाजाराने तोंडावर घ्यायला ठेवलेलं नाव ते. पाठ फिरली की बाजार नुसताच 'काटा' म्हणे, आणि तो शब्द वजनाच्या काट्याला धरून म्हटलाय की पायात मोडणाऱ्या, ते ज्याने त्याने ठरवावं. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला ते सायकलवरून बाजारात उतरत. मागच्या कॅरियरवर कातडी पट्ट्याने आवळलेली लाकडी पेटी असे, आणि पेटीत खात्याची प्रमाणित वजनं. दुकानात शिरताच पेटी काट्याशेजारी ठेवायची, एकेक वजन फडक्याने पुसून काट्यावर चढवायचं आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघत राहायचं. दुकानदार हसला तर काट्यात खोट आहे, आणि त्याने खुर्ची पुढे केली तर दोन ठिकाणी आहे, असा त्यांचा सिद्धांत होता.

बेकरीवाल्याने एकदा केक खोक्यासकट तोलला, तर साहेबांनी भर दुकानात आवाज चढवला. "गिऱ्हाइकाने खोका खायचा का? खातं का कुणी खोका? तुम्ही खाऊन दाखवा, मग मी मान्य करतो." बेकरीवाल्याने बिचाऱ्याने केक खोक्यातून काढून पुन्हा तोलला. दुसरं त्यांचं लाडकं वाक्य भंगारवाल्यांसाठी राखीव होतं. किराणावाल्याचा काटा जास्त दाखवतो, कारण तो विकतो. भंगारवाल्याचा कमी दाखवतो, कारण तो घेतो. हे वाक्य त्यांनी कचेरीत, बसथांब्यावर आणि एका बारशातसुद्धा ऐकवलेलं होतं. बारशात बाळाच्या आजीने बाळाचं वजन कौतुकाने सांगितलं, तेव्हा "दुपट्यासकट का?" असं विचारणारा माणूस हा.

आता अशा माणसाची सायकल. आधीची सायकल जिन्याखालून चोरीला गेली म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी नवी घेतली. तिच्या माहितीपत्रकावर ठळक छापलं होतं : वजन चौदा किलो. साहेबांना तो आकडा इतका आवडला की ते पत्रक त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवलं, आणि त्या दिवसापासून तो आकडा त्यांचा झाला. "चौदा किलो! शाळकरी पोरगी एका हाताने उचलेल," असं ते येईल त्याला सांगत.

त्या चौदा किलोंवर पुढे काय काय चढलं ते बघण्यासारखं होतं. पहिल्याच पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ उमटली म्हणून पुढेमागे जाड पत्र्याचे मडगार्ड आले. चोरीची धास्ती होतीच, म्हणून साखळी आणली, ती अशी की तिने जहाज बांधून ठेवावं. पेटीसाठी लोखंडी कॅरियर आणि पेटीच्या भाराने सायकल कलंडते म्हणून दुपायी स्टँड हे तर ओघानेच आलं. पुढे जाळीची टोपली बसली. तिच्यात रेनकोट कायमचा, उन्हाळ्यातसुद्धा, कारण "हवामान खात्याचा आकडा आपण मानत नाही." मग डायनमोचा दिवा, त्या दिव्यावर विश्वास नाही म्हणून बॅटरीचा दुसरा दिवा, पंप, पान्यांची पिशवी, पाण्याची बाटली आणि पंक्चर झालंच तर असू दे म्हणून एक जास्तीची ट्यूब. हे सगळं अंगावर घेऊन सायकल उभी राहिली की ती कुठेतरी बिऱ्हाड हलवायला निघालीय असं वाटे. साहेब तिच्याकडे बघून म्हणत, "चौदा किलो."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि उभा. चोरी झाल्यापासून सायकल वर न्यायची हा साहेबांचा नियम, पण चढताना साहेबांचा गुडघा दुखे. उतरताना दुखत नसे. उतरताना सायकल एकेका पायरीवरून धाडधाड सोडत न्यायची असते, तिला उचलावं लागत नाही. म्हणून व्यवस्था अशी ठरली, म्हणजे साहेबांनी ठरवली, की संध्याकाळी त्यांनी खाली येऊन दोनदा घंटी वाजवायची. मग बायको खाली येई, सायकल खांद्याला लावी आणि बावन्न पायऱ्या चढून जाई. साहेब मागून जेवणाचा रिकामा डबा घेऊन येत. पेटी काढायला पट्टा सोडावा लागतो, आणि पट्टा सोडायला वाकावं लागतं, त्यामुळे पेटी सायकलवरच असे. सरकारची वजनं सहा वर्षं त्या बाईने वर वाहिली, पगार मात्र साहेबांना मिळाला.

बायको घरी पडदे शिवायची. तिच्या कामाचा एकच कायदा होता : गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप घ्यायचं नाही. टेप घेऊन स्वतः जायचं, खिडकीला लावायची आणि खिडकी सांगेल ते लिहून घ्यायचं. पण हा कायदा तिने सायकलीला कधी लावला नाही. वजन हे नवऱ्याचं खातं. ज्याचं काम त्यानं करावं, एवढाच साधा विचार तिने केला, आणि तिथेच चुकली.

कितीदा तरी ती म्हणाली होती, "अहो, जड लागते हो फार."

"लागणं वेगळं आणि वजन वेगळं," साहेब म्हणाले. "लागण्याला काटा नसतो. तू दमलेली असतेस म्हणून तुला लागते. चौदा किलो म्हणजे चौदा किलो."

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिना वळतो, तिथल्या भिंतीवर छातीच्या उंचीला काळपट डाग पडू लागले होते. पंजाचे डाग, एकावर एक. ते बघून साहेबांचं पित्त खवळलं. नवा रंग दिलेल्या भिंतीला हात लावून उभी राहणारी माणसं कोण, याचा त्यांनी बराच तपास केला आणि पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या रिटायर्ड पोस्टमास्तरांच्या पाहुण्यांवर संशय ठेवला. पोस्टमास्तरांचे पाहुणे दुसऱ्या मजल्याच्या वर कशाला जातील, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांनी खात्याच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'भिंतीला हात लावू नये', आणि कागद डागांच्या बरोबर वर चिकटवला. नाकाने कांदे सोलायला माणसाला कुठलीही भिंत पुरते.

मग बायकोचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "तीन महिने काहीही उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही. त्यानंतरही फार तर पंधरा किलो, तेही क्वचित." यातलं 'तीन महिने' साहेबांनी ऐकलं, 'पंधरा किलो' ऐकलं. 'क्वचित' हा काही आकडा नव्हे, त्यामुळे तो शब्द त्यांच्या कानात शिरलाच नाही.

तीन महिने सायकल कचेरीच्या कोठीत राहिली आणि साहेब बसने आले-गेले. बसला किती माणसं मावतात आणि आत किती कोंबलेली असतात याचा आकडा ते रोज घरी येऊन सांगत. त्यांच्या दृष्टीने घरात आजारी माणूस एकच होतं, आणि ते पडद्यांच्या मशीनवर बसलेलं नव्हतं. ज्या दिवशी तीन महिने भरले त्या दिवशी संध्याकाळी खालून घंटी वाजली. दोनदा.

बायको खाली आली. "अहो, इतक्यात..."

"पंधराची परवानगी आहे. सायकल चौदाची आहे. एक किलो तुझ्याकडे शिल्लक राहतो," साहेब म्हणाले, आणि डबा घेऊन मागे उभे राहिले. हे ते खरोखर औदार्याने म्हणाले, हीच तर चीड आणणारी गोष्ट. तो माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाला निदान आपण काय करतोय ते कळतं.

दीड महिना गेला. एका सकाळी खोकताना बायकोच्या हाताला टाक्याशेजारी मऊ फुगवटा लागला. दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, उभं केलं, खोकायला लावलं आणि विचारलं, "काय उचलता तुम्ही घरी?"

बायकोने तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "चौदा किलो. सायकल. तुमच्या मर्यादेच्या आत."

"रोज?"

"रोज. पण चौदाच."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तोलली कुणी?"

"कंपनीने छापलंय."

"मी स्वतः सायकलने येते," बाई म्हणाल्या. "मडगार्ड, दिवे, कुलूप, पिशवी धरून माझी वीसच्या खाली नाही." मग त्या साहेबांना सोडून बायकोकडे वळल्या. "हे बघा, अजून फाटलेलं नाही, ताण आलाय. महिन्याभराने दाखवायला या. पण दुसऱ्यांदा फाटलं तर पुन्हा ऑपरेशन, आणि दुसऱ्या वेळी शिवण तितकी धरत नाही. पोट तुमचं आहे, ते तुम्हीच सांभाळायचं."

परतीच्या वाटेवर साहेब बोलत राहिले. डॉक्टरांना वजनातलं काय कळतं, त्यांचा स्वतःचा काटा कधी तपासलाय का, बाईंची सायकल जुनाट असेल. उचलली जीभ, लावली टाळ्याला.  शिवण धरत नाही म्हणजे काय ते बायकोला साहेबांपेक्षा जास्त कळत होतं. एकदा उसवलेल्या कापडावर दुसरी टीप घातली की ते तिथेच पुन्हा जातं, हे तिने रोज पाहिलेलं होतं. घरी आल्यावर तिने टेबलाची काच उचलली, पत्रक काढलं, खिडकीशी नेऊन वाचलं आणि घडी घालून कनवटीला खोचलं. साहेब तेव्हा चपला काढत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घंटी वाजली. बायको खाली आली, तिने सायकलचं हँडल धरलं, आणि जिन्याकडे न वळता ती सरळ रस्ता ओलांडू लागली.

"अगं, कुठे चाललीस?" साहेब डबा घेऊन मागे.

समोर भंगारवालीचं दुकान होतं. दारातच जमिनीलगत लोखंडी फळ्याचा मोठा काटा, आणि त्यावर साहेबांनी स्वतःच्या हाताने ठोकलेला खात्याचा शिक्का. वर्षामागे हाच काटा दोनशे ग्रॅम कमी दाखवतो म्हणून त्यांनी आठ दिवस दुकान बंद ठेवायला लावलं होतं, आणि दुरुस्तीनंतर तोलून, ठोकून सांगितलं होतं की आता गावात याच्याइतका खरा काटा दुसरा नाही.

भंगारवाली उठून उभी राहिली. "ताई, सायकल काढताय?"

"नाही. तोलायचीय. आहे तश्शी." बायकोने सायकल फळ्यावर चढवली, दुपायी स्टँड लावला आणि बाजूला झाली.

"काय तमाशा चालवलायस भर रस्त्यात?" साहेब म्हणाले. इमारतीच्या पायरीवर बसलेले पोस्टमास्तर तोवर तमाशाला येऊन पोचले होते. आकडे फिरले आणि थांबले. अठ्ठावीस किलो सातशे.

 आधी घाबरली ती भंगारवालीच. "साहेब, काटा बरोबर आहे हो. तुम्हीच शिक्का मारलाय."

साहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "भंगारवाल्यांचे काटे नेहमी कमीच दाख..." आणि ते थांबले.

"कमी दाखवतात," पोस्टमास्तरांनी वाक्य पुरं केलं. हे वाक्य त्यांना सहा वर्षांपासून पाठ होतं. "म्हणजे खरं वजन याहूनही जास्त म्हणायचं."

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. "हे ढोबळ वजन आहे! सामानासकट! सायकलचं म्हणून निव्वळ वजन वेगळं असतं."

"मी सामानासकटच उचलते," बायको म्हणाली.

साधं वाक्य होतं. पण बेकरीतला खोका साहेबांच्या डोळ्यांपुढे आला असणार, कारण ते वाद सोडून कामाला लागले. ते खाली वाकले. गुडघा दुखला नाही. पट्टा सोडून पेटी काढली, साखळी काढली, टोपली रेनकोटसकट उतरवली, पंप, पाने, बाटली, दोन्ही दिवे, पिशवीतल्याच पान्याने कॅरियर आणि मडगार्डसुद्धा. रस्त्याच्या कडेला ढीग लागला. स्टँडही निघाला, म्हणून नागवी सायकल त्यांनी सीटला दोन बोटं लावून फळ्यावर उभी धरली, आणि मग बोटंही काढून घेतली. ती कलंडायच्या आत आकडा दिसला. पंधरा किलो नऊशे.

"अशक्य," साहेब म्हणाले. "छापील चौदा आहे."

बायकोने कनवटीचं पत्रक काढून त्यांच्या हातात दिलं. "खाली बारीक अक्षरात वाचा. पेडल आणि सीट सोडून चौदा."

दुसऱ्यांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचण्यात या माणसाचा जन्म गेला होता. पेडल आणि सीट नसलेली सायकल कोण चालवतो, हे त्यांनी कंपनीला विचारायला हवं होतं. बेकरीवाल्याला विचारलं होतं तसंच. लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्यांनी पत्रक लांब धरलं, जवळ धरलं, आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "बरं, असेल. पंधराला नऊशे ग्रॅम वर. एवढी सूट चालते."

"आम्हाला नाही चालली, साहेब," भंगारवाली म्हणाली. "दोनशेला आठ दिवस बंद ठेवलं होतं."

पोस्टमास्तर हसले नाहीत. हसले असते तर साहेबांना निदान त्यांच्यावर ओरडता आलं असतं.

बायको ओरडली नाही, रडलीही नाही. एक हात पोटावर ठेवून उभी होती, फुगवटा लागल्यापासून ठेवत होती तशी. "सहा वर्षं मी म्हटलं जड लागते," ती म्हणाली. "तुम्ही म्हटलंत, लागण्याला काटा नसतो. मी मानलं. तुमचं खातं म्हणून मानलं. पोटाचं खातं मात्र माझं आहे. आजपासून ही सायकल मी उचलणार नाही. नागवी नाही आणि नेसलेलीही नाही. ज्याला ती चौदाची वाटते त्यानं न्यावी." आणि साहेबांच्या हातातला रिकामा डबा काढून घेऊन ती रस्ता ओलांडून जिना चढून गेली.

साहेब ढिगापाशी उरले. पेटी उघड्यावर टाकणं शक्य नव्हतं, ती सरकारची. दोन खेपा करणं शहाणपणाचं होतं, पण भंगारवाली बघत होती, पोस्टमास्तर बघत होते, आणि शहाणपण हा साहेबांच्या पेटीतला जिन्नस नव्हता. त्यांनी एकेक वस्तू परत सायकलवर चढवली, पट्टा आवळला, सायकल जिन्यापाशी नेली आणि खांद्याला लावली.

पहिला मजला अभिमानावर निघाला. दुसऱ्या मजल्याला पेटी मागून कमरेत ढोसायला लागली, पेडल नडगीवर आपटलं, आणि साखळी प्रत्येक पायरीला खळखळून जणू चाळीस बिऱ्हाडांना वर्दी देऊ लागली. त्यांच्या डोक्यात आपोआप गुणाकार सुरू झाला. अठ्ठावीस किलो सातशे, बावन्न पायऱ्या, आठवड्याचे सहा दिवस, सहा वर्षं, त्यातला शेवटचा दीड महिना उसवू पाहणाऱ्या पोटावर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक गुणाकार अर्धवट सोडून दिला. उत्तराची भीती वाटली त्यांना, आणि वाटायलाच हवी होती.

वळणावर पाय थांबले. छाती भात्यासारखी चालली होती. सवयीने त्यांच्या अंगठ्याने घंटी दाबली. दोनदा. वरून पडद्यांचं मशीन चालल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही.

मग तोल जायला लागला, आणि त्यांनी आधारासाठी हात टेकला. हात आपसूक जिथे पडला तिथे काळपट डाग होते. छातीच्या उंचीला, पंजाचे, एकावर एक. त्यांच्या पंजाखाली ते सगळे झाकले गेले, कारण ते पंजे लहान होते. पोस्टमास्तरांच्या पाहुण्यांचे नव्हते. डोळ्यांसमोर, वीतभर वर, त्यांच्याच सुवाच्य अक्षरातला कागद होता.

तो तिथल्या तिथे ओरबाडून काढावा असं त्यांना फार वाटलं. पण काढायला हात मोकळा लागतो. त्यांचा एक हात सायकलला होता आणि दुसरा भिंतीला.